ढग पळवणारी कंपनी

‘कंपनी’ म्हटलं की दगडाबाईआत्या नेकनूरच्या डोंगराकडे बोट दाखवते. तिथे पवनचक्क्या आहेत. पाऊस आला नाही की आमच्याकडचे लोक त्यांच्याच नावानं बोटं मोडतात: पात्यांनी ढग पळवले. गेल्या भादव्यात आभाळ फाटलं आणि ओढ्यानं आत्याचा मेंढवाडा नेला. मेंढरं सोडवायला गेलेले तिचे यजमान, आमचे सिदूमामाही नेले. तेव्हा हेच शहाणे म्हणाले, पळवलेले ढग एकदम परत आले! आता यावर काय बोलणार? कपाळ!

मी बीडच्या कोर्टात वकिली करते. युरोपातल्या एका बड्या तेल कंपनीवर तिकडच्या कोर्टात दावा चालू आहे. तुम्ही विकलेल्या तेलाच्या धुरानं हवा तापली, पाऊस बिघडला, माणसं मेली, जबाबदारी घ्या, असा. त्यात सिदूमामांचं नाव घेतलं गेलं आणि आत्याला साक्षीसाठी तयार करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. साक्ष टिकली नाही तर मामांचं नाव वगळणार होते. मग ते सरकारी कागदावरच्या ‘नैसर्गिक आपत्ती’त कायमचे गाडले जाणार. माझे मामा काय निसर्गानं मेले?

“आत्या, पवनचक्की नाही गं. तेल कंपनी.”

“खायाचं तेल?”

“पेट्रोल! डिझेल!”

“मंग तिकडं बसून त्यांनी आपला पाऊस कसा बिघडवला? पवनचक्की निदान डोळ्याला तरी दिसती.”

रोज हेच. शेवटी एकदा माझा तोल गेला. “अगं, तुझं लग्न व्हायच्या आधीपासून त्यांना ठाऊक होतं! त्यांच्याच शास्त्रज्ञांनी सांगितलं होतं, असा धूर काढत राहिलो तर पाऊस पिसाळेल. त्यांनी ते दाबून ठेवलं आणि तेल विकत बसले!”

आत्यानं समोरचा चहा बाजूला सारला. मला वाटलं, गेलं सगळं डोक्यावरून.

साक्ष माझ्या ऑफिसातूनच, लॅपटॉपवर होती. मी फक्त आत्याशेजारी बसायचं, त्या कोर्टात बोलायचा अधिकार मला नव्हता. कंपनीचा वकील लोण्यासारखं बोलत होता, पुण्याची एक दुभाषी बाई त्याचं मराठी करत होती. त्यानं एक व्हिडिओ लावला. मामांचं तेरावं झाल्यावर गावानं पवनचक्कीच्या गेटवर मोर्चा नेला होता. सगळ्यांच्या पुढे आत्या, मामांचा फोटो छातीशी धरून शिव्या घालतेय. आमच्या अंगदनं, माझ्या सख्ख्या भावानं, लाइक मिळवायला हा व्हिडिओ टाकला होता. तो समोर असता तर मी त्याला तिथेच सोलला असता.

“इथे तुम्ही पवनचक्कीला दोष देताय,” वकील म्हणाला, “आणि आज आम्हाला. खरं कोणतं?”

मी दातओठ खात बसले. आत्यानं पदर सारखा केला.

“शिव्या मीच घातल्या,” ती म्हणाली. “मला डोंगरावरचंच दिसत हुतं. मंग मी कुनाला बोलनार?” ती स्क्रीनकडे वाकली. “पर तुमाला तर ठावं हुतं ना, पाऊस असा पिसाळनार म्हनून? मंग तवाच कावून सांगितलं न्हाई? आमी वड्याच्या काठाला वाडा घातला नसता. माझा मालक गेला, आन मी भलत्याच्याच दारात जाऊन बोंबलत बसले.”

दुभाषी बाई अडखळली. मग तिनं सगळं सांगितलं. वकिलानं कागद सारखे केले आणि काहीतरी म्हणाला.

“काय म्हनला गं?” आत्यानं मला विचारलं.

“साक्षीदारानं उत्तरं द्यायची, प्रश्न विचारायचे नाहीत म्हणतो.”

“मंग तू इचार. तू वकील हायस ना?”

मी तिथे वकील नव्हते. भाची होते, आणि भाचीनं गप्प बसावं असं मला कुणी सांगितलं नव्हतं. मी लॅपटॉप माझ्याकडे ओढला.

“हिचा नवरा मेलाय,” मी म्हणाले. “तुम्ही तेव्हाच का सांगितलं नाहीत?”