पाच नंबरच्या टाकीतला मासा

माझा राग कायम नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या शेडमधल्या माशांनासुद्धा ठाऊक असावं. मी आत आले की तेही तळाशी जातात.

शेडमध्ये पाच टाक्या आहेत. पहिल्या चार टाक्यांतले मासे फक्त गरोदर बायकांसाठी. तेलकट मासा पोटातल्या बाळाला चांगला, पण मासा म्हटला की पाऱ्याची धास्ती असतेच. म्हणून आम्ही पाणी गाळून घेतो, खाद्यात शेवाळाचं तेल घालतो, आणि चौदा महिन्यांपेक्षा मोठा मासा डब्यात भरत नाही. मासा जितका जुना, तितकं नको ते त्याच्या अंगात साठत जातं. हा नियम मीच ठळक अक्षरांत लिहून भिंतीवर लावला आहे. पाचव्या टाकीत अंड्यांसाठी ठेवलेल्या जुन्या माद्या असतात. त्या कुणी खायच्या नाहीत.

मासे कापायला जी बाई आहे, तिला मी चौकशीबाई म्हणते. हा कुठल्या टाकीतला, किती महिन्यांचा, शेवटचं खाद्य कधी दिलं? सुरी कमी आणि तोंडच जास्त चालतं तिचं. दहा वर्षांत मी तिला निदान शंभरदा तरी झापलं असेल.

यंदा आमच्या सुनेला दिवस गेले. गेल्या वर्षी एकदा पोटातलं गेलं होतं, त्यामुळे ती धसकाच घेऊन होती. सातव्या महिन्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाचं वजन जरा कमी आहे, आठवड्यातून दोनदा तेलकट मासा खा. हिनं तर पाऱ्याच्या भीतीनं मासा तोंडाला लावणंच सोडलेलं. मी तिला शब्द दिला, "माझ्या हातचा मासा डोळे मिटून खा." आणि ती खायला लागली. मला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू!

मग त्या सोमवारी माझी मती फिरली. सगळ्यांना तळहाताएवढे मासे जातात, माझ्या सुनेलाही तेवढाच? मालकिणीच्या घरी? मी पाचव्या टाकीतली सगळ्यात मोठी मादी काढली आणि टेबलावर आणून टाकली.

चौकशीबाईनं सुरी खाली ठेवली. "ही कुणासाठी, ताई?"

"सुनेसाठी. काप."

"पाचमधली आहे ना? मग मी नाही कापायची."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मालकीण तू आहेस की मी?"

"मालकीण तुम्हीच. भिंतीवरचं अक्षरही तुमचंच." तिनं तपासणीसाठी मादीचा एक तुकडा तेवढा कापून डबीत भरला. सुनेच्या डब्यात तिसऱ्या टाकीतले दोन छोटे मासे साफ करून ठेवले आणि डबा बंद केला. मी पाय आपटत निघून आले. चार दिवस तिच्याशी बोलले नाही.

पाचव्या दिवशी तपासणीचा कागद आला. पारा आम्ही ठरवलेल्या मर्यादेच्या तिप्पट. ती मादी लहान असताना आम्ही बाहेरचं स्वस्त खाद्य वापरत होतो, हे मी साफ विसरले होते. एका माशानं आभाळ कोसळलं नसतं, हे मलाही कळतं. पण मी शब्द दिला होता, आणि ती पोर डोळे मिटून खात होती.

लपवणं जमेना. संध्याकाळी सुनेकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. मनात म्हटलं, आता ही मासा सोडणार आणि चूक माझी.

ती शांतपणे ताटातला मासा निवडत होती. "मला माहीत आहे, आई."

"कसं?"

"तुमच्याकडे मासे कापणाऱ्या काकूंचा दर सोमवारी फोन येतो. टाकी कुठली, मासा किती महिन्यांचा, सगळं सांगतात आणि मगच डबा बांधतात. पहिल्या आठवड्यात माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता, तेव्हा मीच त्यांना विचारलं होतं." मग जरा चाचरत म्हणाली, "राग मानू नका. तुमच्या शब्दावर मी मासा ताटात घेतला. खाल्ला तो त्यांच्या."

दुसरा कुठला दिवस असता तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी डोळे भरून आले. मी दहा वर्षं जिच्यावर डाफरत होते, ती माझ्या नकळत माझाच शब्द पाळत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी थेट कापणीच्या टेबलापाशी गेले. "तुझे फार उपकार झाले गं," मी म्हणाले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

तिनं मान वर केली नाही. "हात धुतलेत का?"

मी निमूटपणे हात धुवायला गेले.