माझे बारावे मूल

बुधवार, दुपारी साडेतीन. भिकूने माझा दांडा सोडला, तीन पावले टाकली आणि ती ओसरीवर बसली. साल १९३८.

मित्रांनो, मी एक जुना पांगुळगाडा आहे. तीन चाके, एक आडवा दांडा. नंदुरबारच्या अनीस मिस्त्रीने बारा वर्षांपूर्वी मला सागात घडवले. गल्लीत माझा मालक कोणी नाही. मूल हात सोडून पाच पावले चालले की मी पुढच्या घरी जातो. नवा गाडा कुणी करवून घेत नाही. आधीच्या मुलांचे चालणे पुढच्याला लाभते, अशी समजूत आहे. अकरा मुले चालली. कुणाला चार महिने लागले, कुणाला सहा. निघताना दांड्याला हळदकुंकू लागे.

भिकू बारावी. ती सातव्या महिन्यात जन्मली. सुईण जन्नतबीने तिला पिंजलेल्या कापसात गुंडाळून सव्वा महिना चुलीजवळ टोपलीत ठेवले. दृष्ट लागू नये म्हणून नाव भिकू. जन्नतबीने तिच्या आईला बजावले, "दगू, पोरनं वय मोजशी तव्हय दोन महिना कमी धर."

ही वजाबाकी दोन वर्षे पुरली. पुढे पुरेना. भिकू चार वर्षांची झाली. गल्लीतली सगळी नावे तिला पाठ आहेत, पण टाचा जमिनीला टेकत नाहीत. अडीच वर्षे मी तिच्याकडेच आहे. मी गेलो तर तिला उभे राहायला फक्त भिंत.

बुधवारी शेजारची कालीबाई रांगता नातू कडेवर घेऊन आली. तिने त्याला माझ्याजवळ खाली ठेवले.

"काय व दगू, गाडा म्हातारा करी टाकशी का?"

"मन्ही पोर हात सोडी, तव्हय लई जाय," दगूबाई म्हणाली. तोवर ती मला नेऊ देणार नव्हती.

भिकू मध्येच बोलली, "आजी, त्याले बी धरू दे. दोन्ही जन ढकलसूत!"

त्याला जागा देण्यासाठी ती बाजूला सरकली. तेव्हाच हात सुटले.

"तीन," कालीबाई म्हणाली. नातवाला उचलून ती उंबऱ्यापाशी थांबली. "शुक्रवारे येसू."

मित्रांनो, गाड्याला ऊन-पाणी लागू देऊ नका, आसाला तेल द्या. आणि एखादे मूल तो लवकर सोडत नसेल, तर ते कितव्या महिन्यात जन्मले हे आधी विचारा.

आज गुरुवार, संध्याकाळ. दगूबाईने माझ्या चाकांना तेल दिले आहे. भिकू दांडा धरून उभी आहे. डावी टाच टेकली आहे. उजवी अजून वर आहे.