वाळूने झिजलेल्या दाढा

वेंडेल काकांच्या माळ्यावर हरणांचे अठ्ठावन्न जबडे तारेला टांगलेले होते. प्रत्येकाला पत्र्याचा बिल्ला आणि त्यावर साल, जागा, वय. काका आमच्या शिकार मंडळाचे पगारी शिकारी. तीस वर्षांत त्यांनी मारलेले हे छाटणीचे नर होते. म्हणजे पाच-सहा वर्षांचे होऊनही ज्यांच्या शिंगांच्या टोकाला मुकुटासारखे फाटे फुटले नव्हते, असे. असे नर वेळीच काढले की कळपाचं रक्त सुधारतं आणि पुढच्या पिढ्यांची शिंगं भारी होतात, याबद्दल आमच्या शोमोज जिल्ह्यातल्या जंगलात कुणाला शंका नव्हती. मलाही नव्हती. शोप्रोनहून वनशास्त्र शिकून आल्यावर मला फक्त ही सुधारणा आकड्यांत मांडायची होती.

"हे जबडे ने, एमोके," काका म्हणाले होते. "या हंगामानंतर मी घरी बसणार. तीस वर्षांत काय केलं, ते एकदा कागदावर येऊ दे."

मी प्रत्येक जबड्यातली पहिली दाढ कापली, घासली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. दाढेच्या मुळाशी दर हिवाळ्यात एक काळसर रेघ उमटते, झाडाच्या खोडात वलय उमटतं तशी. पहिल्या बिल्ल्यावर लिहिलं होतं सहा वर्षं. रेघांप्रमाणे वय भरत होतं तीन. माझंच चुकलं असेल म्हणून दुसरी दाढ घेतली. तीही तीन. आठवडाभरात सगळ्या मोजून झाल्या. अठ्ठावन्नपैकी एकेचाळीस नर चार वर्षांच्या आतले होते. त्या वयात मुकुट नसणं हा दोष नव्हे. मुकुट अजून यायचाच असतो.

काकांसारखा माणूस एवढा कसा चुकला, याचं उत्तर मंडळाच्या भिंतीवर होतं. तिथे एक तक्ता लावलेला आहे: दाढ इतकी झिजली तर वय इतकं. तो बनवला होता दूरच्या डोंगराळ भागात. आमची जमीन वाळूची. हरणं गवताबरोबर वाळू चावतात आणि तीन वर्षांच्या दाढा सहा वर्षांच्या दिसू लागतात.

तरी एक गोष्ट खरीच होती. तीस वर्षांत आमच्याकडची शिंगं वजनदार झाली होती. मग ती कशाने? मी वजनांची जुनी नोंदवही काढली. पंधरा वर्षांपूर्वी जंगलाची नासधूस फार झाली म्हणून माद्यांची संख्या निम्म्यावर आणली होती. त्यानंतर एका मादीचं सरासरी वजन बासष्ट किलोवरून एकाहत्तरवर गेलं. माद्यांना शिंगंच नसतात, त्यामुळे त्यांची कुणी निवड केली नव्हती. तोंडं कमी झाली आणि प्रत्येकाला, नरांनाही, चारा जास्त मिळाला, एवढंच.

हे काकांना सांगायचं होतं, आणि तेही गुरुवारच्या आत. गुरुवारी पहाटे ते या हंगामातला छाटणीचा पहिला नर मारणार होते. यादीत आणखी दोन होते.

एटेल्का काकूंनी पोगाचांची, म्हणजे छोट्या खारट पावांची, परात पुढ्यात ठेवली. काकांनी माझा कागद दोनदा वाचला.

"एकेचाळीस," ते म्हणाले.

"हो, काका."

"तुझं यंत्र बिघडलेलं नाही ना?"

"नाही. काका, शिंगं सुधारली ती माद्या कमी केल्यामुळे. ते कामही तुमचंच."

"माझी समजूत काढू नकोस, पोरी." त्यांनी कागदाची घडी घातली. "मारल्यावर प्रत्येकाच्या तोंडात मी ओकची डहाळी ठेवली होती. शेवटचा घास. टोपी काढून उभा राहिलो होतो. पुरता वाढला, दोष घेऊन जगला, असं मनात म्हणत होतो. आणि तो पोरसवदा होता?"

काकू म्हणाल्या, "मग आता काय, जेवण सोडणार आहात?"

"गप गं," काका म्हणाले, पण त्यांनी पोगाचा उचलला.

गुरुवारी त्यांनी मला मचाणावर नेलं. रायफल बरोबर होतीच. धुकं विरलं तसा नर क्लोव्हर या चारा-गवताच्या शेतात आला. शिंगं लांब, टोकं मात्र साधी, मुकुट नाही. यादीतला तोच. काकांनी दुर्बीण माझ्या हातात दिली.

"किती वर्षांचा?"

"जिवंत असताना नाही सांगता येत मला."

"मी सांगायचो. तीस वर्षं सांगत आलो." त्यांनी रायफल खांद्याला लावली. नर आडवा उभा होता, शंभर पावलांवर. बराच वेळ काही झालं नाही. मग त्यांनी चाप न ओढता रायफल मांडीवर घेतली आणि काडतूस काढलं.

"मान बारीक आहे, पोरसवद्यासारखी," ते पुटपुटले. "तशी ती नेहमीच बारीक दिसायची. मी शिंगांकडे बघून सहा म्हणायचो."

रविवारी मंडळाच्या सभेत अध्यक्ष बार्नाबाश यांनी पहिलाच प्रश्न केला, "वेंडेल, पहिला नर कुठे आहे?"

"क्लोव्हर खातोय."

हशा पिकला. काका उभे राहिले आणि माझा कागद त्यांनी स्वतः वाचून दाखवला. एकेचाळीस हा आकडा त्यांनी मुद्दाम दोनदा उच्चारला.

"तीस वर्षं मारताना शंका नाही आली तुला?" बार्नाबाश यांनी विचारलं.

"आली की. दरवेळी त्या तक्त्याला विचारलं. दरवेळी तो माझ्या बाजूने बोलला."

"म्हणजे आता काहीच मारायचं नाही? पाहुणे शिकारी काय फुलं वेचायला येणार?"

"माद्या ठरल्या तेवढ्या मारायच्याच," मी म्हणाले. "तरुण नर मात्र उत्तरेच्या खोऱ्यात पाच वर्षं सोडायचे. दक्षिणेत तुमची पद्धत चालू दे. मग दोन्हीकडची शिंगं तोलून बघू."

"आणि पाच वर्षांनी सगळे बिनमुकुटाचेच निघाले तर?"

"तर मीही उभी राहून आकडा दोनदा वाचेन."

कुणीतरी टाळी वाजवली. मतं पडली: चौदा बाजूने, नऊ विरुद्ध. बार्नाबाश यांचं मत त्या नवांत होतं. बाहेर पडताना मात्र त्यांनी काकांना गाठलं.

"तो तक्ता खोटा असेल तर आपल्या वाळूसाठी खरा कोण बनवणार?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं.

आठवडाभराने एका सकाळी काका शेजारच्या दोन मंडळांतून मागून आणलेली जबड्यांची गोणी घेऊन माझ्या दारात आले. मी टेबलावर जागा करून एक दाढ कापून लावली, तेव्हा त्यांनी चष्मा पुसला आणि ते सूक्ष्मदर्शकात डोकावले.

"चार रेघा आहेत."

"पाच आहेत, काका. एक फिकट आहे, कडेला."

"कुठे?"

"डावीकडे. हळू फिरवा ते."

"थांब, थांब... हं. आहे खरी." त्यांनी मान वर न करता हात पुढे केला. "पुढची दाढ दे."