भाऊजींची टोळी

कायदा झाला, तेव्हा फिटरबाईला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. वैरी देशाच्या वीजधंद्याशी ज्याचा संबंध, त्याला सरकारी मदत बंद, एवढंच तिच्या कानावर आलेलं. पण तिच्या कारखान्यात सोलर पॅनेल बनत, आणि पॅनेलच्या तारा जोडणारं मशीन त्याच देशातून आणलेलं. तपासणीआधी मशीनचा मागमूस राहू नये म्हणून मालकानं भंगारवाल्यांची टोळी बोलावली.

टोळी घेऊन आले ते नेमके फिटरबाईच्या थोरल्या बहिणीचे यजमान.

मशीन गेलं की सगळ्यांच्या पोटावर पाय, हे कामगारांना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी मशीनभोवती कडं केलं. भाऊजी आधी गोडीगुलाबीनं बोलून पाहत होते. मालकाचा हुकूम आहे, आपण काय, हुकमाचे ताबेदार. कुणी हललं नाही, तेव्हा त्यांचा आवाज बदलला.

"मेहुणीबाई, बाजूला व्हा. घण नातं बघत नाही."

"मग तुम्ही तरी बघा," ती म्हणाली.

पॅकिंगमधले म्हातारे काका मशीनला पाठ लावून उभे होते. टोळीतल्या एकानं त्यांची कॉलर धरली, काका त्याच्या हाताला कडकडून चावले, आणि मग कुणाचा पायपोस कुणाच्या पायात राहिला नाही. काचा फुटल्या, डोकी फुटली. भाऊजींनी मशीनवर घण घातला तो मध्ये आलेल्या काकांच्या गुडघ्यावर बसला. काकांचं तोंड नुसतंच उघडलं, आवाज निघाला नाही.

फिटरबाईच्या हाती पहार कधी आली, तिलाच कळलं नाही. भाऊजींनी पुन्हा घण उचलला, तसा तिनं मनगटावर घाव घातला. हाड वाजलं. ते मटकन खाली बसले, तरी तिनं दुसरा घातला. हा दुसरा नको, हे तो घालतानाच तिला कळत होतं.

पोलिसांनी तिला नेलं. मशीन तोवर टोळीनं फोडून टाकलं होतं. ती कोठडीत असतानाच बातमी आली: पॅनेलच्या काचाही तिकडच्याच निघाल्या, मदत नाकारली, कारखान्याला कुलूप.

मग बहीण आली. गजांतून हात घालून तिनं आधी धाकटीच्या थोबाडीत दिली.

"हात कापावा लागला त्यांचा."

"आणि काकांचा पाय?"

"तोही."

फिटरबाई भिंतीला टेकून खाली बसली. बहीण गज धरून तशीच उभी राहिली. शिपायानं हाकललं, तरी हलली नाही.