झाकण मिटल्यावर

झाकण मिटल्यावर: स्लीप.

लॅपटॉपच्या सेटिंगमधल्या या एका ओळीने किर्गिझ गावातल्या सायकालच्या दोन नक्ष्या गिळल्या होत्या. पाहुणे आले की सासू हाक मारायची आणि सायकाल झाकण मिटून चहा ओतायला धावायची. तेवढ्यात गावची वीज जायची. लॅपटॉपची बॅटरी कधीच मेली होती, त्यामुळे झोपलेलं यंत्र सगळं विसरूनच उठायचं. नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, गालिच्याची ही तिसरी नक्षी आज राजधानीला, बिश्केकला गेली नाही, तर काम दुसरीला मिळणार होतं.

"सूनबाई, मिट ती पेटी! पाहुणे आलेत!"

"आले, आपा."

पण आधी तिने ती ओळ बदलली.

झाकण मिटल्यावर: हायबरनेट.

आता यंत्र सगळं डिस्कवर उतरवून मगच बंद होणार होतं.

"झोपवलीस का तुझी लाडकी?" पाहुणी आलेल्या मामेसासूने टोमणा मारला.

"झोपवली. पण आता विसरायची नाही ती."

तेवढ्यात फ्रिजची घरघर थांबली. वीज गेली. तिथली रीत अशी, की पाहुण्याला चहा अर्धा वाडगाच द्यायचा, म्हणजे तो पुन्हा मागतो आणि सून तिथेच खिळून राहते. सायकालने मामेसासूचा वाडगा काठोकाठ भरला. भरलेला वाडगा म्हणजे 'आता निघा', हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं.

"अगं, हे काय!" सासू पुटपुटली.

"तुम्हालाही देते, आपा," म्हणत सायकालने सासूचाही वाडगा भरला आणि ती उठली.

वीज आल्यावर तिने झाकण उघडलं. नक्षीतलं अर्धवट राहिलेलं मेंढ्याचं शिंग जिथल्या तिथे होतं.

"सूनबाई!"

"शिंग पुरं झालं की येते," ती ओरडली, आणि हात थांबला नाही.