साडेतीन किलो आजार

सिद्रामप्पाच्या गुडघ्यातून पावणेदोन किलो वात निघाला, तेव्हा बाजार मैदानात टाळ्यांचा असा कडकडाट झाला की लिंबावरचे कावळे उडाले. त्याआधी नागम्माची शुगर निघाली होती, सव्वा किलो. मग तिच्या जावेची निघाली, दीड किलो. नागम्मा तोंड पाडून बसली. लग्न झाल्यापासून या जावेनं तिला कशातच पुढं जाऊ दिलं नव्हतं, आता शुगरमध्येही नाही.

शिबिराच्या मांडवात मधोमध एक इलेक्ट्रॉनिक काटा होता. धान्याची पोती मोजायला असतो तसला, चौकोनी पत्र्याचा, लाल आकड्यांचा. काट्यामागं भारहरण महाराज. कपाळभर भस्म, डाव्या हातात मोरपिसांचा झुबका, आणि उजवा हात कायम गोमुखीत, म्हणजे जपमाळ झाकायच्या भगव्या पिशवीत. रोगी काट्यावर चढायचा, लाल आकडा लोक मोठ्यानं वाचायचे, महाराज डोळे मिटून "भारं हर, भारं हर" म्हणत पिसं फिरवायचे आणि आकडा सरसर खाली यायचा. जेवढा खाली आला तेवढा आजार. दक्षिणाही किलोवरच.

"शुगर गोड, म्हणून सावकाश उतरते," महाराज माइकवर शास्त्र समजावून सांगायचे. "बीपी म्हणजे वारा, त्याला वजन कमी पण उड्या फार. आणि किडनी? किडनी म्हणजे पाणी. सगळ्यात जड!"

निघालेला आजार मडक्यात बंद करून, तोंडाला लाल फडकं बांधून रोग्याच्या हातात दिला जाई. तो वाटेत कुठंही खाली न ठेवता तेरणा नदीत सोडायचा. त्यामुळं चार दिवस उमरग्याच्या एसटीत मडकी घेतलेल्या माणसांची गर्दी होती. कंडक्टर म्हणे, लगेज लागेल. सिद्रामप्पा म्हणे, रिकामं मडकं आहे. कंडक्टर म्हणे, मग पावणेदोन किलो कुठं गेलं? खरं तर सगळा उलगडा तिथंच व्हायला हरकत नव्हती, पण गाडीला उशीर झाला होता.

मांडवातल्या गर्दीत सोमलिंगअप्पा उभे होते, हे मात्र नवल. अडतीस वर्षं किराणा-भुसाराचं दुकान चालवणारा हा माणूस अंगातलं वारं, लिंबू, अंगारा, सगळ्याला हसत आलेला. त्यांचा विश्वास एकाच गोष्टीवर, काट्यावर. काटा खोटं बोलत नाही, हे त्यांचं सांगणं गावाला पाठ होतं. रोज सकाळी दुकान उघडलं की ते सरकारी छापाचं दहा किलोचं लोखंडी वजन काट्यावर ठेवत. आकडा बरोबर दहा आला की काट्याला हात लावून नमस्कार करत, आणि मगच पहिलं गिऱ्हाईक. दिवा, उदबत्ती सगळं त्यानंतर. असा माणूस महाराजांच्या जाळ्यात सापडला तो महाराजांमुळं नव्हे, काट्यामुळं. राखेनं सांगितलं असतं तर त्यांनी हाकलून दिलं असतं. सांगत होता काटा.

आणि घरात गरज होतीच. दोन वर्षांपूर्वी गंगम्माच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार उमरग्याला डायलिसिस. लघवीवाटे जाणारं पाणी अंगातच साठायचं, मशीन चार तास चालून ते काढायचं. तिथं आधी वजन, नंतर वजन. सारा संसारच वजनावर आला होता. अप्पा रोज सकाळी तेलाच्या मापानं मोजून तिचं दिवसभराचं एक लिटर पाणी तांब्यात भरून ठेवायचे. स्वतःला तहान लागली की मागच्या गोदामात, पोत्यांच्या आड जाऊन प्यायचे, तिच्यासमोर नाही. मिशा ओल्या दिसल्या की गंगम्मा समजून जायची आणि काही बोलायची नाही. दुकानाच्या चौकटीवर खडूनं तिच्या वजनाचे आकडे लिहिलेले असायचे.

दर खेपेला तिच्या डाव्या हातात दोन जाड सुया जायच्या. सुया जाताना अप्पा पंख्याकडं बघत राहायचे. हे थांबावं, एवढंच त्यांना हवं होतं.

म्हणून रविवारी ते तिला काट्यावर घेऊन गेले. आकडा आला चोपन्न पॉइंट सहा. पिसं फिरली. एक्कावन्न पॉइंट एक.

"साडेतीन किलो किडनी!" महाराजांचा चेला रणधीर माइकवर ओरडला. तो त्या शिबिराचा विक्रम होता. अप्पा चारचौघांत रडले.

"आता एकवीस दिवस अंगाला सुई लावायची नाही," महाराज म्हणाले. "लोखंड लागलं की आजार दुप्पट होऊन परत येईल."

घरी आल्यावर अप्पांनी उमरग्याची फाईल कपाटात वर ठेवून दिली. गंगम्मा बाजेवर बसून बघत होती.

"री," तिनं हाक मारली. सीमेकडच्या बायका नवऱ्याला अशीच हाक मारतात. "उद्या सोमवार हाय."

"उद्या जायाचं न्हाय. काट्यानं सांगितलंय, गंगे."

"पोळ्याला मशीनची एक खेप चुकली व्हती तवा काय झालं?"

तेव्हा पाणी छातीत चढलं होतं. दोन दिवस तिला आडवं पडता आलं नव्हतं, बसून बसून श्वास घेत होती. डॉक्टर म्हणाले होते, आणखी उशीर केला असता तर आणायलाच नको होतं.

तिनं पातळ जरा वर करून नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला.

"मशीन दोन किलो काढायला चार तास घेती. उठले की बांगड्या कोपरापतूर सरकत्यात, पायात गोळे येत्यात. आज साडेतीन किलो गेलं म्हणता, मग ह्यो खड्डा कुणाचा? बांगडी तरी हालती का बघा."

बांगडी हलली नाही.

"मला आपल्या काट्यावर घ्या."

दुकानातल्या काट्यानं सांगितलं, त्रेपन्न.

अप्पा जन्मात कधी बोलले नव्हते ते बोलले. "आपला काटा बिघडला वाटतं."

गंगम्मा खाली उतरली. "वजन ठेवा. सकाळी ठेवता तसं."

त्यांनी दहा किलोचं लोखंड काट्यावर ठेवलं. आकडा आला दहा. ना एक ग्रॅम इकडं, ना तिकडं. अप्पा पोत्यावर बसले. अडतीस वर्षांत एकही सकाळ न चुकवलेला माणूस, बायकोला परक्या काट्यावर चढवताना वजन ठेवून बघायचंच विसरला होता.

"बरी व्हशील असं वाटलं गं," ते म्हणाले.

"मला बी क्षणभर वाटलं," ती म्हणाली. "म्हणून तर अंगठा दाबून बघितला."

सोमवारी सकाळी दोघं पुन्हा मांडवात हजर झाले. अप्पांच्या खांद्यावर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ होतं. डोक्याला कुंची, तोंड झाकलेलं. गंगम्मानं सुया लागणाऱ्या डाव्या हातानं ओझं उचलायचं नव्हतं, म्हणून थोपटायचं कामही अप्पांकडंच.

"कुणाचं लेकरू?" महाराजांनी विचारलं.

"पाव्हण्यांचं. विरुपाक्ष. रडत न्हाय, हालत न्हाय, दूध पीत न्हाय."

"अंगानं लई कडक हाय," गंगम्मा म्हणाली.

"तोंड उघडू नका, वारं लागंल," अप्पांनी बजावलं आणि बाळ अलगद काट्यावर ठेवलं.

आकडा आला अकरा पॉइंट सहा. महाराजांनी डोळे मिटले. "याला मुका भार लागलाय. आजोळची नजर. पण पोर गुणी आहे, मोठा साहेब होईल. भारं हर, भारं हर..." आकडा घसरत घसरत नऊ पॉइंट आठवर आला. टाळ्या पडल्या. "एक किलो आठशे!" रणधीर गरजला. "बाळ हसलं बघा!"

अप्पांनी कुंची काढली. खाली लोखंडी कडी होती. दुपटं सोडलं तर सरकारी छापाचं दहा किलोचं वजन.



"दुपट्यासकट माझ्या काट्यावर ह्ये दहा किलो दोनशे भरलं," अप्पा म्हणाले. "महाराजांनी सरकारी लोखंडाची बी शुगर काढली. महाराज, जरा हात जोडा की. दोन्ही."

महाराजांचा उजवा हात गोमुखीतून निघेना. सिद्रामप्पानं पिशवी खेचली. आत माळ नव्हतीच. मोटारसायकलच्या किल्लीएवढा दोन बटणांचा रिमोट खाली पडला. सिद्रामप्पानं एक बटण दाबलं. मोकळ्या काट्यावर दीड किलो आजार चढला. दुसरं दाबलं, उतरला. त्यानं पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं.

"काट्याच्या पोटात चिप बसवलीय," अप्पांनी सांगितलं. "मागच्या साली सोयाबीन घ्यायला एक व्यापारी असलाच काटा घेऊन आला व्हता. आधी बटण दाबून आकडा वाढवायचा, मग दुसरं दाबून उतरवायचा. मधल्या वेळात पिसं."

महाराज आणि रणधीर आपल्या टेम्पोकडं पळाले. सिद्रामप्पा त्यांच्यामागं धावला, आणि वीस पावलांवर मटकन खाली बसला. गुडघ्यातला वात जिथल्या तिथं होता. टेम्पो मात्र चालू होईना, तोवर नाक्यावरचे जमादार पोचले.

लोक अप्पांकडं बघत राहिले. अप्पांनी खाली पडलेला माइक उचलला.

"मला हसू नका, रडलो म्या बी. माणूस दमलेला असला की फसतो, त्यात लाज न्हाय. पण उपाय सांगणाऱ्याला एक तर विचारा, की ह्यानं गुण आला हे कशावरून? तपासू देत न्हाय तो उपाय खोटा. आन् औषध बंद कर म्हणला, तर तिथंच उठून चालू लागा. नागम्मा, गोळी घेतली का आज?"

नागम्मा खाली बघू लागली. चार दिवस घेतली नव्हती. जावेनंही नव्हती.

"री, गाडी!" गंगम्मा म्हणाली.

एसटीत कंडक्टरनं दुपट्याकडं संशयानं पाहिलं. "अप्पा, ह्यात आजार हाय का?"

"न्हाय," अप्पा म्हणाले, "औषध हाय."

उमरग्याला सिस्टरनं नेहमीसारखं काट्याकडं बोट दाखवलं. गंगम्मा चप्पल काढू लागली. अप्पांनी तिला हातानंच थांबवलं, दुपटं सोडलं आणि लोखंडी वजन काट्यावर ठेवलं. सिस्टर बघतच राहिली.

आकडा आला. अप्पांनी तो दोनदा वाचला, वाकून काट्याला हात लावला आणि वजन खाली उतरवलं.

"दहा," ते म्हणाले. "चढ आता, गंगे."

त्या दिवशी सुया जाताना त्यांनी पंख्याकडं पाहिलं नाही.