प्रेमाकाकूंचा गुडघा

चार वर्षं मी वॉशिंग मशीनच्या झाकणाची बिजागरी बनवत होतो. झाकण दहा हजार वेळा उघडून मिटलं की आम्ही पेढे वाटायचो. मग अंधेरीतल्या एका संशोधन केंद्राला कृत्रिम गुडघा बनवायला मेकॅनिकल इंजिनियर हवा होता. मुलाखतीत विचारलं, "शरीराबद्दल काय माहितीये?" म्हटलं, "मला एक आहे." घेतलं.

आई अजून नातेवाइकांना सांगते, "सुयोग हल्ली डॉक्टरांकडे असतो." लोक फोन करून तब्येत विचारतात.

दोन वर्षांनी गुडघा तयार झाला. घालून बघायला भांडुपच्या प्रेमाकाकू आल्या. शुगरमुळे त्यांचा उजवा पाय मांडीपासून कापावा लागला होता. त्या चालल्या, जिना चढल्या, खुर्चीत बसल्या, उठल्या. आमच्या प्रमुख श्वेता मॅडम कागदावर बरोबरच्या खुणा करत होत्या. मी मनातल्या मनात पेढ्यांपर्यंत पोचलो.

"झाला?" काकू म्हणाल्या. "आता आडाळो हाड."

"काय?"

"विळी रे, मेल्या! माका नारळ कातूचो आसा. दीड वरस सून मिक्सरात फिरवता आणि मी बघीत बसतंय. त्यासाठीच तर इलंय."

विळी नव्हती, म्हणून त्या नुसत्याच खाली बसायला गेल्या. गुडघा अर्ध्यात थांबला. जमिनीपासून वीतभर वर काकू अडकल्या. आम्ही दोघांनी त्यांना फ्रिजसारखं उचललं.

"सुयोग, वाट लागली," मॅडम हळूच म्हणाल्या.

लॅबमध्ये सोळा खुर्च्या. गुडघ्याचं डिझाइन आम्ही त्यांच्यावर बसूनच केलं होतं. मी रोज घरी मांडी घालून जेवतो, पण ते चपलांसारखं लॅबच्या दाराबाहेर ठेवून येत होतो.

"ऱ्हवांदे मग," काकू म्हणाल्या. "कुबडी बरी."

"काकू, एक महिना द्या. प्लीज."

खरेदी विभागाने विळीसाठी तीन कोटेशनं मागितली, आणि ती निर्जंतुक आहे का तेही विचारलं. शेवटी काकूंनीच स्वतःची पाठवली. गेटवर तिची नोंद हत्यार म्हणून झाली. महिनाभर मी तिच्यावर बसून नारळ खवले आणि मॅडमनी माझ्या गुडघ्याचे कोन मोजले. झाकणाच्या बिजागरीत एक सरकती पट्टी असायची, तशीच गुडघ्यात बसवली. तेव्हा कुठे तो पूर्ण मिटला. कँटीनमध्ये महिनाभर सोलकढी होती. कुणी कारण विचारलं नाही.

काकू परत आल्या. विळीवर टेकल्या. गुडघा मिटला. नारळाची वाटी विळीच्या खवणीवर फिरायला लागली आणि काकू आम्हाला विसरल्या. मॅडम खुणा करायच्या थांबल्या. चष्मा पुसत होत्या.

"उठताना हात देऊ?"

"बाजूक हो."

उठल्या. एकट्या.

"थँक्यू, काकू," मी म्हटलं.

"तू कशाक? पाय माका गावलो."

"तुम्ही आला नसता तर हा गुडघा जन्मभर खुर्चीतच बसला असता. आणि मीपण."

"बरा बरा," म्हणत त्यांनी माझ्या तळहातावर मूठभर ओलं खोबरं ठेवलं. मग दुसरी वाटी उचलली आणि पुन्हा खाली बसल्या. चाचणी संपलीये, हे त्यांना सांगायची आमच्यापैकी कुणाची हिंमत झाली नाही.